२५ पॉइंटांचं अप्रेझल

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल टीमची ही गोष्ट. ऑफेन्सचे डाव ठरवणारा कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेन्ट्झ, आणि हेड कोच कर्क फेरेन्ट्झ त्याचे सख्खे वडील! २०२३ मध्ये ब्रायनच्या करारात टार्गेट आलं: मॅचमागे सरासरी २५ पॉइंट. गंमत म्हणजे डिफेन्सने केलेले टचडाऊनही त्याच्याच खात्यात!! सरासरी निघाली १५.४. सीझननंतर त्याला नारळ मिळणार हे ऑक्टोबरमध्येच जाहीर झालं. फॅन्स खूश.

पण राव, त्याच वर्षी टीम १० मॅचेस जिंकली. २०२४ मध्ये नवा कोऑर्डिनेटर आला, पॉइंट वाढले, मॅचेस जिंकल्या ८.

ब्रायनचं प्ले-कॉलिंग रटाळ होतं, मान्य. मग तसं तोंडावर सांगा ना! निर्णयाची हिंमत नसली की साहेब लोक एक्सेल उघडतात.

तुमचं अप्रेझल कसं झालं यंदा?