कुंपण मुलांच्या उंचीवरून पाहा

पावसाळा तोंडावर आला की घराभोवतीचे कुंपण नव्याने लावायची लगबग सुरू होते. फांद्या शेजारून मिळतात, पैसा लागत नाही. अशा वेळी आपण एकच गोष्ट विचारतो : शेळी खाणार नाही ना? तारेची जाळी परवडत नाही त्या घराने हे विचारणे रास्तच आहे. पण तेवढे पुरत नाही. शेळी ज्या झाडाला तोंड लावत नाही, त्याला पोर लावते.

मोगली एरंडाचेच घ्या. कुठे याला चंद्रज्योत म्हणतात, कुठे जट्रोफा. वीसेक वर्षांपूर्वी बियांपासून डिझेल मिळेल म्हणून सरकारने याच्या लागवडीचा मोठा गाजावाजा केला होता. डिझेल राहिले बाजूला, झाड कुंपणाला राहिले. मुले देठ मोडून चिकाचे फुगे उडवतात, बी फोडून खातात. बी गोडसर, शेंगदाण्यासारखे लागते. एकाने खाल्ले की चौघे खातात. मग उलट्या, पोटात कळा, जुलाब. आम्ही परिचारिका अशी मुले घोळक्याने दाखल होताना पाहतो. बहुतेक सलाईनवर सावरतात, पण आधीच अशक्त असलेल्या लहान लेकराच्या अंगातले पाणी फार लवकर संपते.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, याहून घातक. तिचे विष हृदयाचे ठोके बिघडवते. मूल वरून ठीक दिसले तरी ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यातच न्यायचे. लाल कण्हेरही त्याच जातकुळीची. शेराचा चीक डोळ्यात गेला तर आग आग होते, डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मग दवाखाना गाठावा. रोपवाटिकेत शोभेचा म्हणून मिळणारा डुरांटा, त्याची पिवळी फळेही विषारीच. हे विकताना कोणी सांगत नाही!

बी खाल्ल्याचे कळले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका, त्याने जास्त नुकसान होते. 108 ला फोन करा आणि त्या झाडाची फांदी, फळ सोबत न्या. डॉक्टरांना त्याची फार मदत होते.

मग लावायचे काय? आमचे मत स्पष्ट आहे : अडुळसा. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, फांदीपासून जगतो, छाटला की दाट होतो. (गरोदर बाईने मात्र त्याचा काढा मनाने घेऊ नये.) शेजारी मेंदी चालेल. काटेरी हवे तर करवंद. वाढायला वेळ घेते, पण एकदा भरले की जनावर आत शिरत नाही आणि उन्हाळ्यात मुलांना फळे मिळतात. खांबाच्या जागी शेवग्याचे दांडे रोवा. शेवगा शेळ्या आवडीने खातात, म्हणून दांडा पुरुषभर उंच घ्या. पाल्याची भाजी घरात आली तर आमच्या बायाबापड्यांच्या ताटात थोडे लोह, कॅल्शियम तरी पडेल.

अंगणवाडी, शाळा आणि विहार यांची आवारे आधी तपासा. तिथला मोगली एरंड आणि बिट्टी काढण्याचा विषय ग्रामसभेत लेखी द्या. झाडे तोडताना हातमोजे घाला, डोळे झाका, मुलांना दूर ठेवा. खाली पडलेल्या बिया वेचून खड्ड्यात पुरा आणि कण्हेरीच्या फांद्या चुलीत घालू नका. तिचा धूरही बाधतो.