हगवण पोटात नाही, पाइपात आहे



मृगाची पेरणी आटोपते, डवरणी-निंदणाला हात कमी पडू लागतात आणि नेमकी तेव्हाच घरात हगवण शिरते. दवाखान्यात सुई होते, सलाईनची बाटली लागते, गोळ्यांची पुडी मिळते. चार दिवस बरे वाटते. आठवड्याने पुन्हा तेच. कपाशीच्या खताला ठेवलेला पैसा असा जातो आणि निंदण राहते ते वेगळेच.

वर आपल्यालाच उपदेश: हात धुवा, पाणी उकळून प्या. म्हणजे दोष रोग्याचा!

आम्ही शेतकी शिकलेले. बोंडअळीवर औषधावर औषध लिहून देण्याचे पाप आम्हीही केले आहे. अळी मरेना की औषध बदल, मात्रा वाढव. शेवटी अळी दाद देईना, बुडाला तो शेतकरी. हगवणीवर आज तेच चालले आहे. साध्या पाण्यासारख्या जुलाबांना जंतुनाशक गोळ्या बहुधा लागतच नाहीत. लागते ते मीठ-साखरेचे पाणी. १९७१ साली पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना असेच पाणी पाजले आणि शेकडा ३० च्या घरातले मृत्यू ४ च्या खाली आणले. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाच वर्षांखालच्या लेकराला सोबत जस्ताच्या गोळ्या १४ दिवस; आशाताईकडे मागा. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नका. मात्र शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा जुलाब १४ दिवसांवर गेले, तर सरकारी दवाखाना गाठा आणि शौचाची तपासणी करायला लावा.

पण बरा झालेला माणूस पाणी कुठले पितो? त्याच नळाचे! चौथ्या दिवशी पाणी सुटणाऱ्या गावात मधले तीन दिवस पाइप रिकामा असतो. दाब नसला की गळतीच्या भोकातून गटार आत शिरते. पाणी चढत नाही म्हणून नळ खड्ड्यात उतरवलेले. पावसात खड्डा भरला की घाण उलटी लाइनीत. त्यात आपलेच भाऊबंद लाइनीला मोटार लावतात, ती पाण्याबरोबर घाणही ओढते. कुणाला राग आला तरी हे बोलणे भाग आहे. टीसीएल पावडर पडलीच पाहिजे, पण आमांशाचे काही जंतू कवचात असतात, ते नेहमीच्या क्लोरिनने मरत नाहीत. उकळून मरतात खरे. पण भर पावसात ओल्या पऱ्हाट्यांवर घरभराचे पाणी उकळायचे कुणी? निंदणावरून आलेल्या बाईनेच ना? तेव्हा आधी गळती बंद झाली पाहिजे.

पाणीपुरवठा हे ग्रामपंचायतीचे काम आहे. पाणीपट्टी आपण त्यासाठीच भरतो. वर्षातून दोनदा पाहणी होऊन पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचा रंग कोणता, किती जणांना ठाऊक आहे? येत्या ग्रामसभेत विचारा. टीसीएलच्या खरेदीची आणि वापराची वही मागा. ओटी टेस्ट टाकीपाशी नको, लाइनीच्या शेवटच्या नळावर घ्यायला लावा. पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरिन तिथवर पोचलेच नाही. गळतीच्या जागा आपणच हिंडून हेरा आणि दुरुस्तीच्या तारखेसह ठरावात लिहून घ्या. ठरावाची नक्कल जिल्हा बैठकीला आणा. गावागावच्या नकला एकत्र बांधून आपण जिल्हा परिषदेवर जाणार आहोत.