सुट्टीतील तासाचे मोल

स्मरणिकांमध्ये ढालींची आणि पदकांची छायाचित्रे छापली जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या दिवसांच्या बळावर ती ढाल शाळेत आली, ते दिवस कोणत्याही छायाचित्रात येत नाहीत. व्हॉलीबॉलपुरते बोलायचे तर त्यांतील फार मोठा भाग शाळेच्या मैदानावर जातच नाही. तो मे महिन्यात, वसतिगृह रिकामे झाल्यावर, मुलामुलींच्या घरी जातो. त्या दिवसांविषयी पालकांपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि समाजबांधवांपुढे आम्ही काही विचार मांडू इच्छितो.

निवासी शाळेत मैदान आहे, जाळी आहे, क्रीडाशिक्षक आहेत. मग घरी सरावाची गरज काय, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर आपल्या ऋतुचक्रात आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. आणि शाळेबरोबरच पाऊसही येतो. मातीच्या मैदानाचा चिखल होतो. मैदान पुरते वाळण्याआधीच 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा तोंडावर येतात. तालुक्याला बहुधा बाद पद्धतीने सामने होतात. एक सामना हरला की संघाचे वर्ष त्याच सकाळी संपते. मार्चमध्ये कमावलेले हात मे महिन्यात सैल पडले, तर ते पुन्हा जुळवून घ्यायला पाऊस सवड देत नाही.

याहून महत्त्वाचे कारण या खेळाच्या नियमांत आहे. 1895 साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ रचला. आजच्या नियमांप्रमाणे चेंडू पलीकडे धाडण्यापूर्वी संघाला तीनच स्पर्श मिळतात. चेंडू धरून ठेवता येत नाही, आणि ब्लॉकचा अपवाद सोडल्यास एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा स्पर्श करता येत नाही. सर्व्हिसचा हक्क मिळाला की संघ एक जागा फिरतो, आणि सर्व्हिस करण्याची पाळी क्रमाने येत राहते. कबड्डीत एखादा चढाईपटू एकट्याच्या बळावर सामना फिरवू शकतो. व्हॉलीबॉलमध्ये उत्तम स्मॅशरही पहिला स्पर्श चुकला की नुसता पाहत उभा राहतो. कच्च्या खेळाडूला लपायला या 18 बाय 9 मीटरच्या मैदानात कोपरा नाही. म्हणून घरी एकट्याने केलेला सराव हा उरलेल्या पाच जणांप्रती असलेल्या कर्तव्याचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

सुदैवाने जे सर्वांत आधी पक्के व्हायला हवे, ते एकट्यानेच पक्के होते. त्यासाठी एक भिंत पुरते. भिंतीपासून दोन-तीन पावलांवर, गुडघे वाकवून आणि कोपरे ताठ ठेवून, मनगटाच्या वरच्या भागावर चेंडू घ्यावा आणि गेरूने केलेल्या एकाच खुणेवर परत धाडावा. नंतर हेच कपाळासमोर हात नेऊन, दहाही बोटांनी करावे. चेंडू खाली न पडता किती वेळा गेला ते धाकट्या भावंडाने मोजावे आणि वहीत लिहावे. सर्व्हिससाठी तर चेंडू मारण्याचीही आवश्यकता नाही. बऱ्याच चुका तो वर फेकतानाच होतात. मारणाऱ्या खांद्याच्या किंचित पुढे जमिनीवर राखेने छोटे वर्तुळ काढावे, चेंडू वर फेकावा आणि पडू द्यावा. तो दर वेळी वर्तुळातच पडू लागला की निम्मी सर्व्हिस साधली. स्मॅशची धाव चेंडूवाचूनही घटवता येते: उजव्या हाताने मारणाऱ्याची शेवटची दोन पावले उजवे, मग डावे, उडी सरळ वर, आणि उतरणे दोन्ही पायांवर, मऊ मातीत. सिमेंटवर उड्या मारू नयेत आणि मे महिन्याच्या दुपारी मुळीच खेळू नये. सकाळचा किंवा सायंकाळचा एक तास पुष्कळ झाला.

आपल्या धम्मपरंपरेत व्यायाम हा शब्द शरीरापुरता नाही. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम म्हणजे योग्य प्रयत्न; आणि त्याची चार अंगे सांगितली आहेत. नसलेले अकुशल येऊ न देणे, आलेले घालवणे, नसलेले कुशल निर्माण करणे आणि असलेले राखणे. सरावाचे याहून नेमके वर्गीकरण आम्हांस ठाऊक नाही. मुले पहिल्या तिन्हींसाठी मैदानात घाम गाळतात. चौथे, म्हणजे असलेले राखणे, सुट्टीत निसटते. अतिरेकाचाही इशारा याच परंपरेत आहे. अतिप्रयत्नाने तळपाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या सोण भिक्षूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला: फार ताणली तरी ती नीट वाजत नाही आणि सैल सोडली तरी नाही. खांदा दुखत असताना शंभर स्मॅश मारणाऱ्या उत्साही मुलाने हे ध्यानी धरावे.

आता खरा प्रश्न. हा तास मुलांना मिळतो का? आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील मे महिन्यात वीटभट्टीवर असतात, काहींचे नुकतेच ऊसतोडीहून परतलेले असतात. तेथे मुलाच्या हातांनाही काम असते, आणि त्या कष्टांची जाणीव ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत. परंतु जेथे मुलाला तास मिळतो, तेथेही मुलीला तो बहुधा मिळत नाही. पाण्याचा हंडा, चूल आणि धाकटे भावंड तिची वाट पाहत असते. मुलगा भिंतीशी चेंडू मारतो तेव्हा घर त्याला सराव म्हणते. मुलगी तेच करते तेव्हा तिचा पोरखेळ ठरतो. 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा मापदंड सांगितला. तो जयंतीच्या व्यासपीठावर सांगायचा आणि अंगणात विसरायचा, हे आपणांस शोभणारे नाही.

घराच्या पाठबळाने काय घडते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूरचे जिमी जॉर्ज यांना व्हॉलीबॉलचे पहिले धडे वडिलांनी दिले; पुढे ते इटलीतील व्यावसायिक संघांतून खेळले. प्रत्येक पालक प्रशिक्षक होऊ शकत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. मुलीच्या वाट्याचा एक हंडा एक दिवस भावाने उचलला, तरी तिचा तास उभा राहतो.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे याहून सोपे आहे. आपल्या गावच्या विहारापुढे मोकळी जागा असते आणि विहाराला भिंतही असते. वैशाख पौर्णिमेपासून शाळा उघडेपर्यंत, सायंवंदनेच्या आधीचा एक तास तेथे मुलामुलींसाठी राखून ठेवावा. एक चेंडू विहाराच्या कपाटात ठेवावा आणि आपल्यापैकी कोणी तरी तेथे उभे राहावे. मोठ्यांची नजर असली की मुलींना घरून पाठवायला आईवडील कचरत नाहीत, आणि चेंडू सर्वांचा असला की विकत घेऊ न शकणारे मूल मागे राहत नाही.

ढाल मिळेल किंवा मिळणार नाही. समोरचा संघही सरावच करीत असतो. जूनमध्ये शाळेत परतणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आणि मुलाच्या वहीत त्या मोजणीचे आकडे मात्र असावेत, आणि मुलींच्या वह्यांतील पाने मुलांच्या वह्यांइतकीच भरलेली असावीत. पुढच्या वर्षी याच वह्या आम्ही सर्वांपुढे उघडू.