इमारत 'अचानक' कोसळत नाही



इमारत पडली की बातमीत 'अचानक' हा शब्द हमखास येतो. मुलंही निबंधात तोच लिहितात. माझ्या मते हा शब्द आपण सोडायला हवा, कारण 'अचानक' म्हटलं की जबाबदार कुणीच उरत नाही.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईसिद्धी इमारत पडली, १७ जीव गेले. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. एक खांब गेला की त्याचं ओझं शेजारच्या खांबांवर येतं. ते तरी किती सोसणार? बांगलादेशातल्या राणा प्लाझाला आदल्या दिवशीच तडे दिसले होते. तरीही २४ एप्रिल २०१३ ला कामगारांना आत पाठवलं. ११०० हून जास्त माणसं मेली.

आपल्या लातूरचं किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सांगून आला नाही, हे खरं. पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद आधीपासूनच होतं. माणसं त्याखाली दबून गेली.

किनवट तालुक्यात जिथं काळी जमीन आहे, तिथं ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की भिंतीला तिरक्या भेगा पडतात. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की सळई गंजून फुगते आणि सिमेंटचे पोपडे गळतात. आपण काय करतो? वरून रंग मारतो!

म्हणून भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला मुलांकडूनच मोजून घ्या, विज्ञानाचा पाठही होईल. भेग वाढली तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीनं पंचायत समितीला लेखी कळवावं, पोच घ्यावी. अभियंत्यानं पाहेपर्यंत त्या खोलीत वर्ग भरवू नये.

"मग पोरं बसवायची कुठं?" हा प्रश्न खरा आहे. दोन वर्ग एकत्र बसवा, समाजमंदिर मागा. गैरसोय होईल, पण ती सोसता येते.

आणि यंदा निबंधाचा विषय देताना 'अचानक कोसळलेली इमारत' नको. 'इमारत का कोसळली?' असा द्या. मुलं कारण शोधायला शिकतील.