ज्याचं घर जळणार नाही, त्याचाच विमा

परवा मेव्हण्याचा फोन आला. सांगलीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आजोबांपासून चालत आलेलं, नदीपासून फार लांब नाही. म्हणाला, "दाजी, विमा कंपनी पॉलिसी रिन्यू करत नाहीये. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का बघा ना."

ओळखीचं असायचंच. आयुष्यातली अकरा वर्षं मी एका विमा कंपनीच्या शाखेत काढली आहेत. (कोणती ते विचारू नका. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच चालतं.) दोन-चार फोन केले. सगळीकडून गोड बोलणं झालं, पण "नाही" असं कुणीच म्हणालं नाही. एक म्हणाला, "सिस्टीम घेत नाही." दुसरा म्हणाला, "वरून अप्रूव्हल येत नाही." तिसरा जरा मोकळा माणूस, तो म्हणाला, "साहेब, गाडीचा आणि घरच्यांचा मेडिक्लेम आमच्याकडे वळवा, मग दुकानाचं काहीतरी बघतो."

बघा, म्हणजे जी जोखीम नको आहे ती घ्यायची तर सोबत दोन गोड जोखमी हव्यात. लग्नात मानपान असतो तसा!

मेव्हण्याचा गुन्हा काय? २००५ साली आयर्विन पुलापाशी कृष्णा ५३ फुटांवर गेली तेव्हा दुकानात पाणी आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली, तेव्हा पाणी माळ्यापर्यंत आलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे हे लक्षात घ्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. दोनदा क्लेम केला, सर्व्हेअरने घासाघीस केली, पण पैसे मिळाले. मिळाले नाहीत असं तो म्हणतच नाही. त्याची तक्रार वेगळी आहे. ज्या दिवसापासून त्याला विम्याची खरी गरज आहे हे सिद्ध झालं, त्या दिवसापासून तो कंपनीला नकोसा झाला. आणि पॉलिसी नसेल तर बँक मालावरची सीसी लिमिट पुढे चालू ठेवत नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या पुराचा नाही, वर्षभराच्या धंद्याचा आहे.

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. आमच्या शाखेत टेबलाच्या काचेखाली एक कागद असायचा. वरच्या ऑफिसातून आलेला, सही-शिक्का काही नाही. तीन रकाने: घ्या, विचारून घ्या, घेऊ नका. "घ्या" मध्ये काय? नवी कोरी खाजगी कार, पगारदार मालक. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. आरसीसी इमारतीतला फ्लॅट. शाळा, दवाखाना, बँकेची शाखा. "घेऊ नका" मध्ये काय? लाकडाची वखार, कापसाचं जिनिंग, फटाके, फोमचं गोडाऊन, तळघरातला माल, नदीकाठचं दुकान आणि जुना ट्रक.

हा कागद पुन्हा वाचा. त्यातली "चांगली" रिस्क म्हणजे जिथे काहीच होणार नाही ती. ज्याचं घर जळण्याची शक्यता नाही, त्याला आगीचा विमा आग्रहाने, फोन करकरून, डिस्काउंट देऊन विकायचा. आणि ज्याच्या वखारीत एका ठिणगीने तीन पिढ्यांची कमाई जाईल, त्याला "मार्चनंतर बघू" म्हणायचं.

ट्रकवाल्यांची गंमत तर अजून वेगळी. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे कंपनीलाही सरळ नाही म्हणणं अवघड. मग काय करायचं? दहा वर्षं जुना ट्रक घेऊन कुणी आला की आमचं कव्हर नोटचं बुक नेमकं संपलेलं असायचं! नव्या कारवाल्याला ते लगेच सापडायचं. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून लिहितोय. तो माणूस दिवसभराची मजुरी बुडवून चार शाखा हिंडायचा. शेवटी कुठेतरी एजंटला चिरीमिरी देऊन काम करून घ्यायचा, नाहीतर विम्याशिवाय गाडी चालवायचा. आणि मग त्या गाडीखाली कुणी आलं की त्याच्या बायकोपोरांनी भरपाईसाठी कुणाकडे बघायचं?

हे देशपातळीवर किती मोठं झालं होतं बघा. १ जानेवारी २००७ पासून आगीचे आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांना मोकळे करून दिले. थर्ड पार्टीचे दर मात्र सरकारी यंत्रणेनेच ठरवायचे, असं राहिलं. झालं! मोठ्या कारखान्यांना आगीच्या विम्यात सूट देण्याची चढाओढ लागली, आणि ट्रक कुणालाच नकोत. म्हणून त्याच वर्षी एप्रिलपासून सगळ्या कंपन्यांचा एक सामायिक पूल काढावा लागला. व्यापारी वाहनांचा थर्ड पार्टी तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पण तोटा सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. क्लेम नीट तपासण्यात कुणाला रस उरला नाही, तोटा साचत गेला आणि २०१२ मध्ये तो पूल गुंडाळला. मग फक्त नाकारलेल्या गाड्यांसाठी वेगळा पूल आला, तोही २०१६ मध्ये संपला. आता कायद्यातच लिहिलंय की प्रत्येक कंपनीने थर्ड पार्टीचा ठराविक वाटा उचललाच पाहिजे. म्हणजे विमा कंपनीने जोखीम घ्यावी, यासाठी देशाला कायदा करावा लागला! हलवायाने मिठाई विकावी म्हणून कायदा केल्यासारखं झालं हे.

आणि बीड? तिथे तर दुकान नाही, ट्रक नाही, अख्खा जिल्हाच नाकारला. २०२० च्या खरिपात पीकविम्याचं टेंडर निघालं आणि बीडसाठी एकही कंपनी पुढे आली नाही. शेवटी सरकारी मालकीच्या कृषी विमा कंपनीला पुढे करून वेगळी व्यवस्था करावी लागली. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा. ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्क्यांपर्यंत ठेवून बाकीचे पैसे राज्याला परत द्यायचे. हाच तो पुढे गाजलेला "बीड पॅटर्न". वाईट वर्षाची खरी जोखीम शेवटी सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही घेतली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझे जुने सहकारी फोन करतील. ते म्हणतील, निवड करणं हाच तर आमचा धंदा. फक्त पूर येणाऱ्यांनीच पुराचा विमा घेतला तर हप्ता कुठून पुरणार? खरं आहे. कंपनीचा सगळा धंदा एकाच भागात असेल तर एका पावसाळ्यात तिचं दिवाळं निघू शकतं, हेही खरं. एका नदीकाठची पाचशे दुकानं म्हणजे पाचशे जोखमी नव्हेत, ती एकच जोखीम. ती बुडतात तेव्हा एकाच रात्री बुडतात. हे सगळं मला मान्य आहे. कंपनी बुडाली तर पॉलिसी कागदाच्या लायकीची राहत नाही.

पण मग यावर उपाय या धंद्यात आधीपासून नाहीत का? हप्ता वाढवा. पहिल्या लाखाचं नुकसान ग्राहकाच्या माथी ठेवा. माल चार फुटांच्या वर ठेवण्याची अट घाला. जोखमीचा मोठा भाग रीइन्शुरन्समध्ये पुढे द्या, ती सोय त्याचसाठी आहे. हे सगळं म्हणजे निवड करणं. दार लावून घेणं म्हणजे निवड नव्हे. पेशंट आजारी आहे म्हणून डॉक्टरने केस पेपर न काढण्यासारखं आहे ते.

आणि ही निवडसुद्धा नीट होते का? मेव्हण्याने २०२१ नंतर पदरचे पैसे घालून लोखंडी माळा बांधला. सिमेंट, रंग, मोटारी, सगळा महागाचा माल वर. खाली फक्त पाईप आणि पत्रे. नदीचं पाणी वाढायला लागलं की उरलेला माल हलवायला टेम्पो ठरलेला आहे. आज त्याची जोखीम २०१९ च्या मानाने निम्मीसुद्धा नसेल. पण हे बघायला कुणी आलंच नाही. सिस्टीमने फक्त पिनकोड बघितला, ४१६४१६. अहो, पिनकोडला उंची नसते! त्याच पिनकोडमध्ये पाण्यात बुडणारा तळमजला आहे आणि त्याच्याच डोक्यावरचा कोरडा तिसरा मजलाही आहे.

तालुक्याच्या ठिकाणी शाखा कशाला हवी मग? गावातला ब्रँच मॅनेजर हा माणूस दुकानात जाऊन माळ्याची उंची मोजू शकतो, हाच तर जवळच्या कंपनीचा फायदा. नदी कुठपर्यंत येते हे मुंबईतल्या कॉम्प्युटरपेक्षा त्याला जास्त कळतं. पण त्याच्या हातात अधिकार नाही आणि वर्षाअखेरी त्याला विचारणार फक्त क्लेम रेशो. तो तरी काय करणार? मीही हेच केलं.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. एक, नाकारायचं तर लेखी नाकारा आणि कारण द्या. "सिस्टीम घेत नाही" हे कारण नव्हे. दोन, ज्याने स्वतःच्या खर्चाने जोखीम कमी केली त्याची जागेवर जाऊन तपासणी करा आणि ती हप्त्यात धरा. तीन, प्रत्येक कंपनीने जिल्हावार जाहीर करावं, किती प्रस्ताव आले आणि किती परत पाठवले. एवढं झालं तरी काचेखालचा कागद उजेडात येईल.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी एकसारखी पॉलिसी आली, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. पूर त्यात धरलेला आहे. चांगली गोष्ट आहे. पण पॉलिसीत पूर असून काय उपयोग, पूर येतो त्याला पॉलिसीच द्यायची नसेल तर?

असो. मेव्हण्याचं काम अजून झालेलं नाही. काल पुन्हा बोलणं झालं. रागात नव्हता, दमलेला वाटला. म्हणाला, "दाजी, हप्ता दुप्पट करा म्हणावं त्यांना, भरतो. पण एकदा येऊन माळा तरी बघा म्हणावं."

कुणाला पाठवू, सांगा.