तयारी मुलाची की घराची?

आपण मराठी माणसं मुलाला शाळेत 'घालतो'. कैऱ्या मिठात घालाव्यात, धुणं मशीनमध्ये घालावं, तसं मूल शाळेत. एकदा घातलं की पुढचं आपोआप होणार असा त्यात एक छुपा विश्वास असतो. "यंदा घातलं का शाळेत?" असं कुणीही जिन्यात विचारतं, आपण "हो, घातलं" म्हणतो आणि विषय संपतो. खरं तर तिथे तो सुरू होतो.

थोरला शाळेत गेला त्याला आता चार वर्षं झाली. धाकटी या जूनपासून जायला लागली. दोन मुलं म्हणजे काही फार मोठा अनुभव नाही, पण दोनदा त्याच फाटकाशी उभं राहिल्यावर माझं एक मत मात्र पक्कं झालंय. आपण सगळी तयारी मुलाची करतो आणि बदलायचं असतं ते घराने. पटलं नाही तर खाली भांडायला जागा आहेच. :)

आधी 'मुलाची तयारी' म्हणजे काय ते बघू. दप्तर, वॉटरबॅग, नवे बूट, सगळ्यावर नाव. मग अक्षरं आणि आकडे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ठिपके जोडायला बसवणारी घरं मी जवळून बघितली आहेत. कुणी पाहुणे आले की "काऊ कुठे, ए फॉर काय, पोएम म्हणून दाखव" हा कार्यक्रम. यातलं काहीच शाळेच्या पहिल्या महिन्यात उपयोगी पडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा सगळा काळ एकच पायाभूत टप्पा मानला आणि तो खेळातून, गोष्टीतून, हाताळण्यातून जावा असं सांगितलं. पहिलीला सहा वर्षं पूर्ण असावीत असंही त्यात आहे. म्हणजे घाई सरकारलासुद्धा नाही. ती आपल्याला आहे, आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलाला शंभरपर्यंत येतात म्हणून आहे.

पहिल्या महिन्यात मुलाला खरोखर काय लागतं? डब्याचं झाकण स्वतःला उघडता यावं. (नवा कोरा घट्ट डबा देण्यापेक्षा घरातला जुना, सैल झाकणाचा द्यावा.) चड्डी खाली-वर करता यावी, म्हणजे बटणाची नको, इलॅस्टिकची हवी. आणि 'लागली' हे कुणाला तरी सांगता यावं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक घराचे याबाबतीतले शब्द वेगळे असतात. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर पोराला वाटतं की इथे आपले शब्द चालतच नाहीत, आणि ते दाबून बसतं. पहिल्याच दिवशी वर्गाच्या ताईंना आणि तिथल्या मावशींना आपल्या घरातला शब्द सांगून यावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांना रोज वीस घरांचे शब्द कळत असतात.

आता घराकडे वळते. पहिली गोष्ट, शाळेचा बागुलबुवा. "थांब, जा तू शाळेत, मग बाई चांगलं सरळ करतील." हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मराठी मूल मला अजून भेटायचंय. आमच्याकडे ये-जा करणाऱ्या सगळ्या माम्या, आत्या, काका हे प्रेमाने म्हणतात. (मंडळी, तुम्ही हे वाचताय ते मला माहीत आहे. रागावू नका, पण आता थांबवा.) दीड-दोन वर्षं ज्या बाईंचं नाव घेऊन पोराला जेवायला बसवलं, त्याच बाईंचा हात धरून त्याने हसत आत जावं अशी अपेक्षा करायची, हे काही न्यायाचं नाही.

दुसरी गोष्ट निरोपाची. यावर मात्र मी हट्टाने बोलणार आहे. "तो बघ काऊ!" म्हणायचं, मूल वळलं की पाय न वाजवता सटकायचं. आपल्याकडे याला युक्ती म्हणतात. मूल त्या क्षणी रडत नाही, म्हणून ती यशस्वी झाली असं आपल्याला वाटतं. पण मूल जेव्हा मागे वळून बघतं तेव्हा काय होतं याचा विचार करा. आई नाही. सांगून गेली नाही. म्हणजे ती कधीही, न सांगता, नाहीशी होऊ शकते! मग ते घरीसुद्धा पदर सोडत नाही, तुम्ही आंघोळीला गेलात तरी दार बडवतं. आणि आपण म्हणतो, "शाळेत घातल्यापासून फारच चिकट झालाय."

रडलं तरी चालेल, पण सांगून जावं. लहान वाक्यात सांगावं आणि खरं सांगावं. "मी आता जाते. खाऊ खाऊन, गाणी म्हणून झाली की मी येणार." वेळ घड्याळात सांगून उपयोग नाही, या वयाला घड्याळ कळत नाही, खाऊ कळतो. आणि मग जावं. फाटकाच्या गजांतून पाऊण तास बघत उभं राहू नये. आपला चेहरा बघून मुलाला वाटतं की आत नक्कीच काहीतरी भयंकर आहे. ज्या वेळी येते म्हणून सांगितलं त्या वेळी हजर असावं. पहिले पंधरा दिवस तरी ही एक वेळ कशासाठीही चुकवू नये. मुलाने शाळेवर विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर आधी त्याचा आपल्या शब्दावर विश्वास हवा.

तिसरी गोष्ट घड्याळाची. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते. आपल्या घरांत रात्री साडेनऊला जेवणं, मग मालिका, मग भांडी, मग मोबाइल. त्यात मूल अकराला झोपतं आणि सकाळी साडेसहाला त्याला अर्धवट झोपेत गणवेशात कोंबायचं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते मुलांची झोप होत नाही म्हणूनच. निर्णय चांगला आहे, पण घर जर बारापर्यंत जागं राहणार असेल तर शाळा दहाला भरूनही काय होणार? आमच्याकडे सासूबाईंनी स्वतःहून जेवणं आठला आणली. आजोबांची बातम्यांची वेळ हलली. त्यावर थोडी कुरकुर झाली, पण टीव्ही बंद झाल्यावर पोरं आपोआप पेंगायला लागली. एका मुलाच्या शाळेसाठी पाच माणसांचं ताट दीड तास अलीकडे आलं. मी म्हणते ती तयारी ही.

चौथी गोष्ट परतल्यानंतरची. दारातच प्रश्न सुरू होतात. "आज काय शिकवलं? रडलास का? डबा संपवलास का? मैत्री कुणाशी झाली?" सगळ्याचं उत्तर एकच: "काही नाही." तीन-चार तास अनोळखी जगात शहाण्यासारखं वागून आलेलं असतं बिचारं. त्याला आता शहाणपणा नको असतो. म्हणून केळं मोडलं एवढ्यावरून अर्धा तास भोकाड पसरतं. हा हट्टीपणा नसतो. दिवसभर धरून ठेवलेलं घरी आल्यावर सुटतं, कारण घरी सोडायची भीती नसते. आधी पाणी, खाऊ, मांडी. प्रश्न संध्याकाळी. आणि विचारण्यापेक्षा सांगावं. आमच्या ऑफिसातली लिफ्ट बंद पडली आणि मी सहा मजले चढून गेले, हे मी सांगितलं की लगेच पलीकडून येतं, "आमच्याकडे नळ बंद पडला. मग बादली आणली." त्यापुढे मग बादली कुणी आणली, कोण भिजलं, ताई कुणाला रागावल्या, सगळं बाहेर येतं. धाकटी तर घरी बाहुल्यांची शाळा भरवते. तिच्या ताई वर्गात काय बोलतात आणि कुठल्या सुरात बोलतात ते तिथे बसून ऐकावं.

काही मुलं या दिवसांत मागे जातात. सुटलेली बाटली मागतात, रात्री गादी ओली करतात, भरवून घेतात. घरात धाकटं भावंडं आलेलं असेल तर जास्तच, कारण त्याला वाटतं की आपल्याला बाहेर पाठवून आई त्याच्याजवळ राहते. "एवढा मोठा झालास आणि हे काय" असं म्हणण्याचा मोह होतो. आठवडाभर लाड केल्याने कुणी बिघडत नाही. पण काही आठवडे उलटूनही मूल सावरत नसेल, मजेत जाणारं एकदम जायला नकार देत असेल, किंवा एखाद्याच माणसाला घाबरत असेल, तर "सगळीच रडतात" म्हणून सोडून देऊ नका. शाळेत जा, विचारा, वर्गात काय चालतं ते बघा.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. "तुझं ठीक आहे, घरात आजी-आजोबा आहेत. आम्ही दोघंच, दोघांच्या नोकऱ्या. कुठून आणायचा वेळ?" रास्त आहे. पण आपण गणपतीला रजा टाकतो, चुलत नणंदेच्या दिराच्या लग्नाला टाकतो. मुलाच्या शाळेच्या पहिल्या आठवड्यासाठी रजा मागताना मात्र, विशेषतः बाबालोकांची, जीभ अडखळते. बाबाने चार दिवस सोडायला जावं. त्या चार दिवसांत पोराला कळतं की शाळा हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे, आईने एकटीने लावलेला तगादा नाही.

आणि ज्यांना रजाच नसते त्यांचं काय? आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी याच जूनमध्ये अंगणवाडीत जायला लागली. त्या पाच घरांची कामं करतात. पहिला आठवडा त्या तासभर उशिरा येणार म्हणाल्या, तेव्हा दोन घरांनी लगेच हो म्हटलं आणि तीन घरांनी तोंड वाकडं केलं. त्या तीन घरांपैकी एका घरातलं मूल त्याच आठवड्यात शाळेत जायला लागलं होतं! आपल्या मुलाचा निरोप नीट व्हावा म्हणून आपण जिवाचं रान करतो आणि आपली भांडी घासणाऱ्या बाईने मात्र आपलं मूल रडत टाकून आठच्या ठोक्याला यावं अशी अपेक्षा करतो. हे मला जमत नाही. तुम्हालाही जमू नये असं वाटतं.

'अंगणवाडी' या शब्दातच खरं तर सगळं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली गरीब मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना आणि त्यांच्या आयांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. मुलांना हाताळायला महागडी साधनं नव्हती, तर आसपासचे शंख-शिंपले, बिया, पानं घेतली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आपण तो रोज वापरतो, पण त्यामागचा विचार विसरलो. मूल शाळेत बसत नसेल तर आधी शाळेने थोडं सरकून बघायचं, मग मुलाला सरकवायचं.

शाळा कितपत सरकेल हे आपल्या हातात नसतं. पण घर सरकवणं आपल्या हातात आहे. जेवणाची वेळ, टीव्हीचं बटण, निरोपाचं एक खरं वाक्य, न्यायला जायची ठरलेली वेळ. याला फी लागत नाही, देणगी लागत नाही.

तुमच्याकडे पहिल्या आठवड्यात काय काय झालं ते जरूर लिहा. आणि सासूबाई, हे वाचत असाल तर साडेआठ झालेत, पोरं झोपली पाहिजेत, गोष्ट आता एकच सांगा. :)