शस्त्रक्रियेचा रुग्ण आणि घरचें स्वयंपाकघर

घरांत कोणी आजारी पडलें कीं आपल्याकडे पहिली आज्ञा सुटते ती लंघनाची. साध्या तापांत ती पुष्कळदां योग्यही असते. दोन दिवस पेजेवर काढले, तिसऱ्या दिवशीं मुगाचें वरण व मऊ भात घेतला, कीं माणूस उठून बसतो. परंतु हीच रीत कर्करोगाच्या रुग्णास, आणि तीही त्याची शस्त्रक्रिया ठरलेली असतांना, लावली तर ती घातक होते. "पोट हलकें राहिलें म्हणजे शस्त्रक्रिया सोपी जाते", "दूध व गोड बंद केलें म्हणजे गांठ सुकते", अशीं वाक्यें नांदेड-लातूरकडील चांगल्या शिकलेल्या घरांतून आजही ऐकूं येतात. म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

लंघनाच्या बाजूनें आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांस इतकेंच विचारावेंसें वाटतें कीं, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील 'लंघनबृंहणीय' हा अध्याय त्यांनीं उघडून पाहिला आहे काय? लंघन म्हणजे शरीर हलकें करणें, बृंहण म्हणजे तें पुष्ट करणें. अध्यायाच्या नांवांतच दोन्ही शब्द शेजारीं बसले आहेत. क्षीण व कृश झालेल्यास बृंहणच सांगितलें आहे. आपल्या लोकांनीं अर्धा समास पाठ केला व उरलेला सोडून दिला.

कर्करोगांत माणूस वाळतो तो केवळ कमी जेवल्यानें नव्हे. रोगामुळें शरीरांत जो दाह चालूं असतो त्यानें भूक मरते, खाल्लेलें अन्नही नीट अंगीं लागत नाहीं, आणि स्नायु झिजूं लागतात. त्यावर शस्त्रक्रिया झाली म्हणजे जखम भरण्यासाठीं व जंतूंशीं झुंजण्यासाठीं लागणारीं प्रथिनें शरीर आपल्याच स्नायूंतून काढूं लागतें. ती शिल्लक अगोदरच आटलेली असेल तर टांके वेळेवर जुळत नाहींत, जखमेंत पू होतो, छातींत कफ सांठून न्युमोनिया होतो. ही गोष्ट नवी नाहीं. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील डॉ. हायरम स्टडली यांनीं १९३६ सालीं जठरव्रणावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वीं ज्यांचें वजन पांचव्या हिश्शाहून अधिक उतरलें होतें त्यांपैकीं शेकडा ३३ दगावले. इतरांत हें प्रमाण शेकडा ३.५ होतें. तो रोग कर्करोग नव्हता, परंतु शल्यवैद्य आज कर्करोगाच्या रुग्णासही हाच प्रश्न विचारतात : गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलें?

या प्रश्नाचें उत्तर घरांत तयार असावें. ६० किलोचा माणूस सहा महिन्यांत ५४ वर आला असेल तर तें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. फार खंगलेल्या रुग्णाची मोठी शस्त्रक्रिया ७ ते १४ दिवस पुढें नेऊन तेवढ्या अवधींत त्यास नीट पोसावें, असें आजचें शास्त्र सांगतें. घरच्यांस वाटतें कीं रोग तेवढा वाढेल. पण हा निर्णय शल्यवैद्याचा. त्यानें थांबा म्हटलें तर तो टाळाटाळ करीत आहे असें समजूं नये.

आपल्या भागांत या रोगाच्या उपचारांची सोय पूर्वींपेक्षां पुष्कळ झाली आहे. लातूरचें विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं सुरू केलें. कर्करोगावरील उपचार तेथें होतात. बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपति संभाजीनगरास सरकारी आहे. तरीही पुष्कळजण रात्रभर गाडीचा प्रवास करून परळचें टाटा स्मारक रुग्णालय गांठतात. तें २८ फेब्रुवारी १९४१ पासून साऱ्या देशाचें आश्रयस्थान झालें आहे. कोठेंही गेलें तरी तपासण्या, अहवाल आणि तारीख यांत दिवस जातात, कधीं आठवडे जातात. या दिवसांत रुग्ण चहा-बिस्किटांवर राहतो, आणि सोबतचे लोक कागदांच्या मागें धांवत असतात. कागदांच्या मागें एकानें धांवावें. दुसऱ्यानें रुग्णाच्या ताटाकडे पाहावें. एकत्र कुटुंबांत एवढीं माणसें निघण्यास हरकत नसावी.

ताटांत काय असावें? सामान्यतः वजनाच्या दर किलोस दिवसाकांठीं २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें धरतात. ५० किलोच्या माणसास म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनें झालीं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब डॉक्टरांनींच करावा. आतां आपलें कोठार पाहूं. १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींत सुमारें १२ ग्रॅम, दोन वेळच्या वरणाच्या ६० ग्रॅम तूरडाळींत १३, अर्धा लिटर दुधांत १६, २०० ग्रॅम दह्यांत ६, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७. बेरीज ५४ आली. लातूरच्या आडतींत सोयाबीनच्या राशी पडतात, पण आपल्या घरांत तें अजून परकेंच आहे. नीट भाजून दळलेलें त्याचें ३० ग्रॅम पीठ भाकरींत वा थालीपिठांत मिसळलें कीं आणखी ११ ग्रॅमची भर पडते. वर दोन चमचे तूप घातलें कीं कॅलरींचाही हिशेब पुरा होतो. बाजारांतील महाग डबे डॉक्टरांनीं सांगितले तर अवश्य आणावे. त्यांवांचून अडतें असें मात्र नाहीं.

अंड्याचा प्रश्न आपल्या घरांत येतोच. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम उत्तम प्रथिनें असतात. रुग्णाची इच्छा असेल तर आपद्धर्म म्हणून आड येऊं नये. नसेल तर दूध-डाळींवर निभतें, बळजबरी नको. एकादशी-चतुर्थीचे उपवास मात्र या काळांत निश्चयानें सोडावे. साबूदाण्यांत प्रथिनें जवळजवळ नाहींतच. खिचडींत जीं येतात तीं शेंगदाण्याच्या कुटाचीं.

एवढें अन्न दोन वेळच्या ताटांत रुग्णाच्यानें जाणार नाहीं. सहा-सात वेळां, लहान वाटींत, त्याच्या रुचीप्रमाणें द्यावें. दह्यांत कालवलेलें मेतकूट भरल्या ताटाहून अधिक काम करतें. मात्र ज्याच्या पोटांत कित्येक दिवस कांहींच गेलेलें नाहीं त्यास एकदम भरपूर खाऊं घालूं नये. त्यामुळें रक्तांतील क्षार एकाएकीं घटून हृदयावर संकट येतें. तेथें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळू वाढवावें.

रुग्ण जर घरांतील सून किंवा सासू असेल तर आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ती सर्वांस वाढते, शेवटीं बसते, आणि भांड्यांत काय उरलें होतें हें कोणी विचारीत नाहीं. तिचें वजन किती उतरलें हें पदराखालीं दिसत नाहीं. गर्भाशयाच्या मुखाचा व स्तनाचा कर्करोग असलेल्या कित्येक स्त्रिया शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यापर्यंत पोळ्या लाटीत असतात. तिचें ताट प्रथम वाढावें आणि कोणीतरी समोर बसावें.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको, ही जुनी आज्ञा आतां शिथिल झाली आहे. जड नसलेलें अन्न ६ तास अगोदरपर्यंत आणि स्वच्छ पाणी २ तास अगोदरपर्यंत चालतें, असा आजचा सर्वसाधारण नियम आहे. दूध पाण्यांत धरीत नाहींत. ज्याच्या आंतड्यांत वा जठरांत अडथळा आहे त्यास हा नियम लागू नाहीं. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांस आदल्या दिवशीं विचारून वेळ लिहून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळ प्रकारांत पहिल्या २४ तासांतच घोट घोट देणें सुरू करितात. "पोट शिवलेलें असतां दूध कसें द्यायचें?" असें म्हणून वडील मंडळींनीं परिचारिकेच्या हातांतील पेला परत पाठवूं नये. जठर काढलेल्या रुग्णास थोडें थोडें द्यावें, आणि सरबत वा गोड खीर टाळावी. साखर वेगानें आंतड्यांत उतरते व घाम सुटून धडधड होते. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर जेवल्यावर लगेच आडवें होऊं देऊं नये.

तंबाखूमुळें आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. त्यांस कांहीं आठवडे नाकांतील नळीनेंच अन्न द्यावें लागतें. तेथें ताक, वरणाचें पाणी एवढ्यावर भागविणें म्हणजे पुन्हां लंघनच होय. दूध, भाजलेल्या डाळीचें शिजविलेलें पीठ, तूप यांचें पातळ मिश्रण वस्त्रगाळ करून, कोमट असतांना, आहारतज्ज्ञानें सांगितलेल्या मापानें द्यावें. देतांना व नंतर अर्धा तास रुग्ण टेकून बसलेला असावा. प्रत्येक वेळीं शेवटीं साधें पाणी सोडून नळी धुवावी. ती तुंबली किंवा बाहेर सरकली तर घरीं तार घालून वा ढकलून पाहूं नये. तडक रुग्णालयांत जावें.